भूल देण्यापूर्वी सांगावयाची गोष्ट
(चौसाळा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झालेला, निवृत्त मास्तर आहे. तरीही आज वैद्यकाच्या एका विषयावर बोलावयास उभा आहे, कारण तो आपल्या आर्यवैश्य समाजाच्या रक्तातलाच आहे.

भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू सैल करावे लागतात. त्याकरिता सक्सिनिलकोलिन नावाचे औषध टोचतात. रक्तातील ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे विकर त्याचे झपाट्याने विघटन करते आणि काही मिनिटांत रोगी आपला आपण श्वास घेऊ लागतो. हे विकर ज्याच्या रक्तात नाही, त्याचे स्नायू मात्र तासन्‌तास लुळे राहतात. एरवी तो मनुष्य ठणठणीत असतो. त्याला आपल्यातील उणीव ठाऊकही नसते.

कोइमतूरच्या संशोधकांनी तेथील वैश्यांचे रक्त तपासून या उणिवेचे मूळ असलेला जनुकातील बदल २००६ साली प्रसिद्ध केला. इतर समाजांहून वैश्यांत ही उणीव सुमारे शंभरपट अधिक असल्याचे २०१७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये नमूद झाले. कारण उघड आहे. शतकानुशतके आपण आपसांतच सोयरिकी केल्या. गोत्र काटेकोर पाहतो. पण मामाचे गोत्र निराळे, म्हणून मामाची मुलगी चालते! रक्ताला हा हिशेब समजत नाही. आईवडील दोघांकडूनही दोष आला, म्हणजे तो मुलात प्रकट होतो.

माझ्या भाचीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, तेव्हा ती कित्येक तास यंत्रावर होती. डॉक्टरांनी धीराने सांभाळले आणि ती सुखरूप उठली. ‘घरातल्या सर्वांचे रक्त तपासा’, असे त्यांनी बजावले होते. परंतु तिचे लग्न ठरावयाचे होते. ‘याची वाच्यता नको’, असा सल्ला बहिणीला मीच दिला. दोन वर्षांनी तिच्या धाकट्या भावाचे ऑपरेशन निघाले. दुसरे गाव, दुसरे डॉक्टर; कोणी काही बोलले नाही, आणि पुन्हा तोच प्रसंग. शुद्ध आली होती, सारे ऐकू येत होते, पण पापणीही हलवता येत नव्हती, असे तो पुढे म्हणाला. ते ऐकताना मला मान वर करवेना.

या उणिवेची रक्ततपासणी होते. आधी कळले, तर भूलतज्ज्ञ दुसरे औषध योजतात. तेव्हा ऑपरेशनपूर्वी ‘आम्ही आर्यवैश्य, आमच्यात हा दोष आढळतो’, इतके तरी सांगावे. त्या भाचीचे लग्न यथावकाश झाले. सासरी तिने स्वतःच सारे सांगितले, आणि आता आपल्या लेकराच्या दवाखान्याच्या फाईलवर पहिल्याच पानी तिने ते तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे. मीही गेल्या आठवड्यात माझे रक्त तपासावयास दिले.