‘माझ्याशी तर तो नीट वागतो’

मैत्रिणींनो, ओळखीच्या कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार आली की आपण म्हणतो, ‘माझ्याशी तर तो कधी वावगं वागला नाही.’ हा अनुभव खोटा नाही. पण तो आपल्यापुरता. आपल्यापुढे जे चालणार नाही, ते नोकरी टिकवू पाहणाऱ्या नव्या मुलीपुढे चालतं.

बलात्काराच्या खटल्यात बाईचं चारित्र्य काढायची मुभा पुरावा कायद्यात २००३ पर्यंत होती. त्या मुभेविरुद्ध आपण लढलो. मग त्याच्या चारित्र्याचा दाखला देऊन हिची तक्रार कशी मोडीत काढायची?

२०१३ च्या कायद्यात चौकशीला ९० दिवस आहेत. तोवर दोघांचंही ऐकलं जाऊ द्या. त्याची मैत्रीण असाल तर समितीत बसू नका. आणि तिला ‘मिटवून टाक’ सांगायला जाऊ नका.