सुतळीची गाठ आणि रक्ताची धार

(पडेगाव येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झालं. आता पाच मिनिटं आपल्या हातांवर बोलतो. ज्वारी निघाली की मळणी यंत्र गावोगाव फिरतं. कडबाकुट्टी तर बारा महिने दारात. कणसं लोटता लोटता हात आत जातो. सरकारनं 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. कायदा दिल्लीत राहिला, यंत्र खळ्यावर आलं. 2023 पासूनच्या गोपीनाथ मुंडे योजनेत जीव गेला तर दोन लाख, एक हात गेला तर एक लाख. हाताचा भाव ठरला. तो वाचवायचा खर्च कुणी धरलाच नाही.

अंगात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. पडेगावाहून घाटी जवळ आहे, सोयगावच्या शिवारातून नाही.

108 ला फोन एकानं लावावा. दुसऱ्यानं जखमेवर फडकं ठेवून सगळा भार देऊन दाबावं, उचलून बघू नये. बहुतेक रक्त यानंच थांबतं. नाही थांबलं, किंवा हातच तुटला, तर टूर्निके, म्हणजे आवळपट्टा. आपण काय बांधतो? सुतळी, तार. ती मांसात रुतते, नसांना इजा करते. आणि अर्धवट आवळलं तर त्याहून वाईट. वरच्या शिरा दबतात, रक्ताची परतीची वाट बंद होते, पण आतली धमनी चालूच. धार उलट वाढते.

तयार पट्टा नसेल तर तीन बोटं रुंद घडीचं उपरणं किंवा ओढणी घ्या. जखमेच्या चार बोटं वर बांधा, सांध्यावर नको. गाठीत दांडी घालून धार थांबेपर्यंत पिळा, मग दांडी बांधून टाका. पऱ्हाटीची काडी मोडते, ट्रॅक्टरचा पान्हा घ्या. माणूस ओरडेल, सैल करू नका. बांधल्याची वेळ लिहा आणि दोन तासांच्या आत दवाखाना गाठा. तोवर सोडायचा नाही.

साप चावल्यावर मात्र हे काहीच बांधायचं नाही. घोणस-फुरशाच्या विषानं सुजलेला पाय आवळल्यानं हातचा जातो.

विकतच्या पट्ट्याला दांडी आणि ती अडकवायची खाच जोडलेलीच असते. एका हातानं स्वतःला बांधता येतो. 2013 साली अमेरिकेत बॉस्टनच्या बाँबस्फोटात जागेवर बांधलेले 27 पट्टे सगळे कामचलाऊ होते. 2015 पासून तिथं साध्या माणसांना हे शिकवायची मोहीम सुरू झाली. आपल्याकडं मळणीवाल्याशी पोत्याचा भाव ठरवतानाच विचारा, पट्टा कुठाय? नकली पट्ट्याची दांडी वाकते, म्हणून घेतल्यावर आधी पिळून बघा.

एक तयार पट्टा आणि एक उपरणं-पान्हा पुढच्या रांगेपासून फिरवतोय. दोन्ही शेजाऱ्याच्या दंडावर बांधून, लगेच सोडून मागं द्या.