हेलियमच्या विहिरी आणि भागधारकाची शिल्लक

पारनेर-पाथर्डीकडील शेतकऱ्याला बोअर घेणें म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. पाणाड्या जागा दाखवितो, यंत्र खडक फोडूं लागतें, फुटाफुटाला पैसा जातो. कधीं पाणी लागतें, तर कधीं नुसती धूळ वर येते. हेलियम वायूचा शोध घेणाऱ्या परदेशांतील लहान कंपन्यांचे भाग आतां नगरच्या गृहस्थालाहि घेतां येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर धाडण्याची मुभा आहे. परंतु असा भाग घेणें म्हणजे दूरदेशींच्या बोअरमध्यें वांटा घेणें होय.

हेलियमची महती खोटी नाहीं. १८६८ सालीं सूर्यप्रकाशांत त्याची खूण आढळली. पृथ्वीवर तो १८९५ मध्यें विल्यम रॅम्से यांच्या हातीं आला. उणें २६९ अंशांवर तो द्रवरूप होतो, म्हणून एम.आर.आय. यंत्राचें चुंबक थंड ठेवण्यास तो लागतो. युरेनियम व थोरियम यांच्या क्षयांतून तो भूगर्भांत कोट्यवधि वर्षें सांचतो. मात्र तो आहे हें एक, आणि तो विकून नफा होणें हें दुसरें.

टांझानियांतील रुक्वा खोऱ्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. तेथें शोध घेणाऱ्या हेलियम वन कंपनीचे भाग २०२० सालीं लंडनच्या बाजारांत आले. २०२१ च्या पहिल्या विहिरींत अपेक्षित साठा मिळाला नाहीं व भाव कोसळला. २०२४ मध्यें आणखी एका विहिरींतून हेलियम वर आला खरा. पण मधल्या काळांत नवे भाग विकून पैसा उभारावा लागला, त्यामुळें जुन्या भागधारकाचा वांटा आक्रसला. शोध यशस्वी होऊनहि आरंभींचा भागधारक तोट्यांत राहूं शकतो, तो असा.

नगर जिल्ह्याला भागभांडवल नवें नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें लोणीस १९५० सालीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हां शेतकऱ्यांनीं भाग घेतले. धोका तेथेंहि होता. परंतु ऊंस डोळ्यांपुढें उभा होता आणि भागधारक स्वतःच तो पिकवीत होता. येथें पीक जमिनीखालीं आहे, आणि तें पाहणारा माणूस कंपनीचाच आहे.

म्हणून भाग घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत. वायु प्रत्यक्ष वाहिला आहे काय? त्यांत हेलियम शेंकडा किती, आणि तो किती दिवस टिकला? तो घेण्याचा लेखी करार कोणीं केला आहे? कंपनीच्या हातचा पैसा किती महिने पुरेल? उत्तरें स्पष्ट नसतील तर हात आंखडता घ्यावा. स्पष्ट असलीं तरी मुलांच्या शिक्षणाचा व म्हातारपणच्या औषधाचा पैसा त्यांत घालूं नये. बोअर कोरडी गेली तरी घरची चूल पेटती राहील, एवढीच रक्कम या कामीं लावावी.