सर्दी आणि सुजलेला डोळा

सर्दी झाली नाही असे मूल शोधून सापडावयाचे नाही. बहुधा ती सात-दहा दिवसांत आपली आपण ओसरते. तिला प्रतिजैविकांची गरज नसते. मात्र दहा दिवसांनंतरही ती हटत नसेल, किंवा उतरू लागलेली सर्दी ताप घेऊन उलटली असेल, तर नाकालगतच्या अस्थिपोकळ्यांत, म्हणजे सायनसांत, जंतूंनी ठाण मांडल्याचा संशय घ्यावा. क्वचित तिचे पहिले दर्शन नाकात न होता डोळ्यावर होते.

सुरतेत उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. मुलाची पापणी सुजली की तेथेही, आपल्या इतर घरांप्रमाणेच, निदान ठरलेले : डोळे आले! मग दुधाची घडी, नाहीतर दुकानातून आणलेले थेंब. पण डोळे येतात ते बहुधा दोन्ही, आणि त्यांतून चिपडे येतात. सर्दी-तापाच्या मुलाची एकाच डोळ्याची पापणी फुगली, तर गोष्ट वेगळी असू शकते. गालातील आणि दोन डोळ्यांमधील पोकळ्या जन्मतःच असतात; कपाळातील मागाहून वाढतात. मधल्या पोकळ्या आणि डोळ्याची खोबण यांत जे हाड आहे ते इतके पातळ, की शरीरशास्त्रज्ञांनी त्याला कागदाचेच नाव दिले आहे. पू तेथून पलीकडे शिरावयास कितीसा वेळ लागणार?

डोळा पुढे आला, फिरविताना दुखू लागला, एकाची दोन दिसू लागली, नजर मंदावली, तर दृष्टीच धोक्यात आहे असे समजावे. मोठ्या मुलांत कपाळावर मऊ सूज येते. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने अठराव्या शतकात वर्णिलेली ती हीच. असह्य डोकेदुखी, वांत्या, गुंगी, झटके, ताठलेली मान ही विकार मेंदूकडे सरकल्याची चिन्हे होत.

अशा वेळी थेंब पुरत नाहीत. शिरेतून औषध द्यावे लागते, स्कॅन काढावा लागतो, प्रसंगी पूही काढावा लागतो. वेळीच पोहोचलेली पुष्कळ मुले शस्त्रक्रियेवाचून बरी होतात. सुरतेत शासनाचे नवे सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. वडील लूमच्या रात्रपाळीला गेले असतील, तर त्यांची वाट न पाहता शेजाऱ्याला उठवावे आणि निघावे.