विषाणूचे कवच आणि लसीची थंड पेटी



पोलिओचे थेंब बर्फाच्या पेटीतूनच का आणतात, याचा आपण कधी विचार केला आहे काय? त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

पोलिओचा विषाणू इतका सूक्ष्म असतो की, एका मिलिमीटरात सुमारे 33,000 विषाणू ओळीने बसतील. चार प्रकारच्या प्रथिनांचे प्रत्येकी 60 तुकडे जुळून त्याचे कवच बनते. अशा कवचांचा भूमितीय नियम कॅस्पर आणि क्लुग या शास्त्रज्ञांनी 1962 साली मांडला. हे तुकडे परस्परांच्या आकर्षणाने आपोआप जुळतात.

परंतु हे कवच चाप लावून ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखे असते. पेशीवरील ठराविक प्रथिनाचा स्पर्श होताच ते किंचित फुगते आणि आतील आनुवंशिक द्रव्य पेशीत उतरते. उष्णतेनेही हाच चाप सुटतो. मात्र तो अवेळी सुटतो. एकदा बदललेले कवच पूर्ववत होत नाही. थेंबांतील दुर्बल केलेला विषाणू आतड्यात वाढला, तरच मुलाला प्रतिकारशक्ती मिळते. कवच बिघडलेला विषाणू पेशीत शिरूच शकत नाही. म्हणून तापलेली लस वाया जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. त्यामागे थंड पेट्या खांद्यावर घेऊन दारोदार फिरणाऱ्यांचे श्रम आहेत.

पालकांनो, थेंबांच्या कुपीवरील खूण पाहत जा. आतला चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल, तरच लस वापरण्याजोगी समजावी. विद्यार्थ्यांनो, यामागचे कारण घरी समजावून सांगा. विद्या परीक्षेपुरती नसते. ती घरच्यांच्या उपयोगी पडली पाहिजे.