शिकायला वय नसते



तुम्ही वाचू लागलात. आता इथेच थांबू नका. पुष्कळजण म्हणतात, “गुरुजी, या वयात पोरांच्या बाकावर कसं बसायचं?” बसायला नकोच! १९८९ साली सरकारने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था काढली. तिथे प्रौढांना तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे शिक्षण मिळते. पुढे दहावी. तिला नाव घातले की ५ वर्षांत ९ वेळा परीक्षेला बसता येते. पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही.

नाव घालताना जन्माचा दाखला नि फोटो जवळ ठेवा. अर्ज दुसऱ्याने भरला, तरी आपले नाव नि जन्मतारीख स्वतः वाचून बघा. तिथली चूक पुढे प्रमाणपत्रावर उतरते. आणि अंगठा नको, सही करा. त्यासाठीच तर शिकलात ना!