शस्त्रक्रियेचे यश : तिहेरी तयारी



घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरली की पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर कोण?" दुसरा, "खर्च किती?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. तथापि गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधन तिसरा प्रश्न विचारावयास शिकविते : "तयारी किती झाली?" ही तयारी रुग्णाची, शस्त्रक्रियागृहातील पथकाची आणि शल्यविशारदाच्या हाताची, अशी तिहेरी असते.

प्रथम रुग्ण. खुब्याचा वा गुडघ्याचा सांधा बदलावयाच्या १२० धूम्रपींवर डेन्मार्कमध्ये झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सहा ते आठ आठवडे आधीपासून धूम्रपान सोडण्यास साहाय्य मिळाले, त्यांच्यातील १८ टक्के रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत उद्भवली; इतरांत ५२ टक्के. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २०१८ च्या अभ्यासात पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्टने केवळ अर्धा तास बसून दीर्घ श्वसन शिकविले. फुप्फुसांचे विकार २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. अर्ध्या तासाचे मोल एवढे!

दुसरे पथक. यवतमाळ जिल्ह्यातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. आत्माराम गावंडे यांचे सुपुत्र, शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची तपासणी-सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी क्षणभर थांबून रुग्ण तोच ना, अवयव तोच ना, प्रतिजैविक दिले ना, साहित्याची मोजणी जुळली ना, हे मोठ्याने पडताळावयाचे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, तर गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर उतरली. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी हीच सूची स्वीकारूनही लक्षणीय फरक पडला नाही, असे २०१४ मध्ये आढळले. केवळ कागदावर खुणा करून प्राण वाचत नाहीत. त्यामागे मन असावे लागते.

तिसरा हात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २० शल्यविशारदांच्या शस्त्रक्रियांच्या चित्रफिती त्यांच्याच समव्यावसायिकांनी, नावे न कळता, पाहून गुण दिले. २०१३ च्या या अभ्यासात सर्वांत कमी गुणांच्या गटातील रुग्णांत १४.५ टक्के, तर सर्वाधिक गुणांच्या गटात ५.२ टक्के गुंतागुंत आढळली. कौशल्य पदवीने संपत नाही, सरावाने वाढते. येल विद्यापीठात २००२ साली संगणकीय आभासी यंत्रावर आधी हात बसविलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या तुलनेत इतरांच्या चुका सरासरी सहापट होत्या.

यातून कुटुंबाने काय घ्यावे? संकोचापोटी तंबाखू वा मिश्रीची सवय लपविली जाते. नित्याच्या गोळ्या, काढे, नुकताच केलेला दीर्घ उपवास सांगावयाचा राहून जातो. अशी गोष्ट लपविली, तर भूलतज्ज्ञाला अंधारात काम करावे लागते. सर्व औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी, आणि "ही शस्त्रक्रिया येथे किती वेळा होते?" हे नम्रपणे विचारावे. सुज्ञ डॉक्टर त्यात अविश्वास मानीत नाहीत.

कापडाला कात्री लावण्यापूर्वी माप पुन्हा घेतले जाते. मानवी देह तर त्याहून कितीतरी मोलाचा!